भांड्याच्या बुडाचं नाव

ओक्लाहोमा, १२ मे १९३४

वर्डेल,

तुझं पार्सल पोचलं. खारवलेल्या डुकराच्या मांसाचं एक हॅम आणि आईसाठी निळं रेशीम. त्याची किंमत तू लुटलेल्या बँकेतल्या कारकुनाने, होरेस टिबेट्सने, जीव देऊन मोजली.

मयताच्या घरी जेवण नेताना, भांडं परत यावं म्हणून, त्याच्या बुडाला आपलं नाव चिकटवायची आपली रीत. मीही घेवडा शिजवून नेला. होरेसच्या बायकोने भांडं उचलून खालचं नाव वाचलं.

"ऑर्फा, तुझ्या भावाला राग आवरला नाही का गं?"

"राग कसला? लहानपणी गोट्यांत हरला की पोरांची बोटं पिरगाळून मोडायचा आणि हसायचा तो. आणि मी आईशी खोटं बोलून त्याला वाचवायची."

तिने भांडं ठेवून घेतलं.

शेजारणी तुला गरिबांचा कैवारी म्हणतात. होरेसच्या फाटक्या बुटांत पुठ्ठा घातलेला होता.

हॅम आणि रेशीम मी शेरीफकडे दिलं. प्रभूच्या साक्षीने सांगते, तुझ्यासाठी आता खोटं बोलणार नाही.

पार्सलवर तुझा पत्ता नव्हता, म्हणून हे पत्र बायबलमध्येच राहील. तरी सवयीने लिहिते: उलट टपाली खुशाली कळव, आणि या खेपेला पत्ता लिही. तो मी शेरीफला देणार आहे.

तुझीच बहीण,
ऑर्फा