आप्पांची काठी वालाच्या मांडवाला

आप्पा,

दाराआडची काठी शोधू नका, मी ती शेजारच्या गोदाबाईंना वालाच्या मांडवासाठी दिली आहे. कापसाच्या तेजीपायी अमरावतीत रोज परके लोक येतात, त्यांत चोरही असतात, म्हणून तुम्ही आम्हांला दिवसाही कडी लावायला सांगता. पण गोदाबाईंचंही दार सदा बंद! काल धीर करून कारण विचारलं, तर म्हणाल्या, "अवं पोरी, तुमी वाईकडचे परके लोक. तुहा बाप काठी घेऊन हिंडून राहिला, मंग आमाले भेव नाही वाटणार?" मी हसतच सुटले.

आज शाळेत एकटी जाते आहे. वळणापर्यंत गोदाबाई पाहतील. येताना त्या ओटीभर शेंगा देणार आहेत, तेव्हा कडी काढून ठेवा. माझे हात रिकामे नसतील.

तुमची दुर्गी