सपाट वाटेवरच्या खुणा

३ तारीख, सोमवार
आले एकदाची. सरकारी जंगलाच्या फाटकाशी दोन खोल्यांचं क्वार्टर, नळाला पाणी, खिडकीबाहेर झाडंच झाडं. काम काय, तर लोकांच्या फिरायच्या पाच वाटा नीट ठेवायच्या. पडलेल्या फांद्या उचलायच्या, खोडांवरच्या पिवळ्या खुणा उजळायच्या, आणि रविवारच्या मंडळींनी टाकलेला कचरा तोंडातल्या तोंडात शिव्या देत गोळा करायचा. बाबाही सोबत आलेत. आई गेल्यापासून ते भिंतीकडे बघत बसून असतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, पण गुडघे ऐकत नाहीत. इथे चालतील, दोन शब्द बोलतील, पुन्हा माणसात येतील. मला तेवढंच हवंय.

५ तारीख, बुधवार
पाचही वाटा चढाच्या. बाबा दहा पावलांत मटकन खाली बसले. मग स्टोअरच्या मागे मला सहावी वाट सापडली, नकाशात नसलेली. अगदी सपाट, अर्ध्या तासात गोल फिरून परत फाटकाशी. तिच्या खुणा कुणीतरी सालीसकट तासून टाकल्यात. आधीच्या गड्याला रंगवायचा कंटाळा, दुसरं काय. बावीसच्या बावीस खुणा मी एका दुपारात रंगवून काढल्या. वर विचारलं नाही. विचारलं असतं तर सहा महिने कागदच फिरत बसला असता.

९ तारीख, रविवार
बाबा रोज जातात. आज जेवताना चक्क दोनदा वाढून घेतलं, मला रडूच आलं. फक्त फेरीला दीड तास लागतो. झाडांशी गप्पा मारता की काय, असं मी चिडवलं. ते म्हणाले, वाट लांब आहे गं, खुणा संपतच नाहीत.

१२ तारीख, बुधवार
आज चार तास लागले. मी स्वतः जाऊन पाहिलं. बाविसाव्या खुणेपाशी वाट फाटकाकडे वळते. आज वळत नव्हती. पुढे तेविसावी खूण होती. मग चोविसावी. माझाच पिवळा, माझ्याच ब्रशची रुंदी, बोट लावलं तर ओला. रंगाचा डबा कुलपात आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. चाळिसाव्या खुणेवरून मागे फिरले.

१३ तारीख, गुरुवार
सकाळीच विभागाच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, तीन माणसं आत गेली ती आलीच नाहीत, म्हणून ती वाट बंद केली होती. खुणा आत्ताच्या आत्ता तास. कोयता घेऊन धावले. माझ्या बावीसही तासल्या, हाताला फोड आले. घरी आले तर बाबांचे बूट जागेवर नाहीत. आज ते लवकर निघाले होते. मी तासत होते तेव्हा ते आत होते.

१४ तारीख, शुक्रवार
शोधायला वीस माणसं आली. पाचही वाटा पालथ्या घातल्या. सहावी त्यांना अर्ध्या तासात परत फाटकाशी आणून सोडते. मी रंगवल्याशिवाय ती आत नेणार नाही. साहेब म्हणाले, हात लावू नकोस, तुझे बाबा गेले असं समज. कसं समजू? त्यांच्या परतीच्या खुणा मीच पुसल्या —

शनिवार
रंगवत आत आले. डबा कधीच संपला. खुणा चालूच. पुढून बाबांचा आवाज — शब्द कळत नाहीत, पण बाबाच. बोलावताहेत. आले, बाबा, आले —

बहुतेक रविवार
जवळ आलाय आवाज. आता शब्द कळतात. बोलावत नाहीयेत. मागे फिर म्हणताहेत. येऊ नकोस, मागे फिर, तेवढंच, पुन्हा पुन्हा —

मागे फिरले. त्याच खुणा. त्याही आतच नेतात —

मागून हसणं ऐकू येतंय. रविवारची मंडळी. पोरंबाळं आहेत. माझा ताजा रंग बघून शिरलीत. येऊ नका म्हणून जीव तोडून ओरडतेय. एक बाई पोरांना सांगतेय, पुढून कुणीतरी बोलावतंय, चला लवकर. मी आणखी जोरात ओर—