वसंतच्या फाईलचं दुसरं पान

४ ऑगस्ट, बेलापूर
डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहिते आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस बी निघाला. मला. चौसष्ट वर्षांत कधी कावीळ नाही. यकृताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाई तरुण, पण स्पष्ट बोलतात. "घरात लिव्हरने कोण कोण गेलं, आठवून लिहून आणा."
आई : पोटात पाणी. मी कॉलेजात होते.
वसंत, धाकटा भाऊ, सहा वर्षांपूर्वी : दारू.

७ ऑगस्ट
डॉ.नी यादी वाचली. "भाऊ पीत होते, हे तुम्ही पाहिलंत?"
नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरी, दिवसभर ट्रकवाल्यांत. सगळे म्हणायचे. मीही.
त्यांनी कागदावर यकृत काढून दाखवलं. हा विषाणू पुष्कळदा जन्माच्या वेळी आईकडून मुलाला जातो. मग तीस-चाळीस वर्षं गप्प. दुखत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. आत सूज, सुजेचे व्रण, व्रणांनी यकृत कडक. तो सिरोसिस. थेंबही न घेता होतो.
माझं कडक व्हायला लागलंय, तिथवर गेलेलं नाही. रोज एक गोळी, बहुधा कायमची.

८ ऑगस्ट
माझं ताट-भांडं वेगळं काढलं. तपासणीत हे सांगितलं तर डॉ. रागावल्या. "एकत्र जेवून पसरत नाही. रक्तातून, नवरा-बायकोत पसरतो. ब्लेड, सुई, ब्रश तेवढं वेगळं."
घरी येऊन भांडी परत ठेवली. वेगळं भांडं फडताळात आधीच एक होतं. वसंतचा पेला, आईने नाव घालून घेतलेला. तो पितो म्हणून मीच बाजूला काढला होता. शेवटच्या भाऊबीजेला ओवाळलंही नाही. "ताई, तुझी शपथ, हात लावत नाही मी."
"शपथा पुरे," म्हटलं.

१० ऑगस्ट
सुनंदाला फोन. वसंतची बायको. सहा वर्षांनी.
"वन्सं? आज कशी वाट चुकलात?"
सांगितलं. तू आणि लेक केतकी, दोघींनी रक्त तपासा. "पोरीचं लग्न ठरतंय. आत्ताच सुचलं तुम्हाला?"
तिने फोन ठेवला.

१४ ऑगस्ट
कळंबोलीला सुनंदाकडे गेले. चहा विचारला नाही. माळ्यावरून फाईल काढून समोर टाकली.
"ही त्यांनी तुमच्याकडे आणली होती. माझी ताई बी.एस्सी. आहे, ती नीट वाचेल म्हणाले. तुम्ही काय वाचलंत?"
पहिल्या पानावर सिरोसिस. तेवढं वाचून मी फाईल मिटली होती. दारू सोड म्हटलं होतं.
आज पान उलटलं. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह. औषध सुरू करण्यासाठी आठवड्याने यावे. पत्नी, अपत्ये, भावंडे यांची तपासणी करावी.
"तो परत गेला नाही?"
"कशाला जातील? सख्खी बहीण बेवडा म्हणाली. डॉक्टरही तेच म्हणणार, म्हणाले. आम्हाला इंग्रजी कुठं येतं?"
फाईल दोन दिवसांसाठी मागितली. सुनंदा म्हणाली, "न्या. आता काय करायचंय ठेवून." तपासणीचं नाव काढू दिलं नाही.
४ तारखेच्या नोंदीतला शेवटचा शब्द, 'दारू', चूक आहे. खोडत नाही. मी लिहिला होता, राहू दे.

१७ ऑगस्ट
केतकी आली. एकटी, ऑफिसातून परस्पर. पाणी वसंतच्या पेल्यात दिलं. तिने नाव वाचलं, पाणी संपवलं.
"आत्या, उपाशीपोटी जावं लागतं का?"
"नाही."
"आणि निघालं तर?"
"औषध आहे. नाही निघालं तर लस आहे. लग्नाआधी घेऊन टाक."
"आई नाही म्हणते."
"तू चोवीस वर्षांची आहेस."
"म्हणजे मी आईला न सांगता जाऊ?"
याचं उत्तर दिलं नाही. सहा वर्षांपूर्वी न वाचता दिलं होतं.
"बाबा खरंच घ्यायचे नाहीत ना?"
"नाही. हे मी तुझ्या आईसमोर येऊन म्हणेन."
"ती दार उघडेल का, माहीत नाही."

सुपूर्द केलं :
वसंतची मूळ फाईल. दुसऱ्या पानाचं मराठी, माझ्या अक्षरात, सही करून.
माझ्या रिपोर्टची झेरॉक्स.
डॉ.ची रक्ततपासणीची चिठ्ठी, नावं दोन : सुनंदा, केतकी.
पेला एक.
हस्ते केतकी. तीस वर्षं ऑफिसात पोच घेतल्याशिवाय कागद सोडला नाही. आज मागितली नाही.