मध्यंतरात गायलेलं पद

कुरुळी, रविवार

प्रिय दत्तोबा,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे ठणठणीत. तुझा गुडघा काय म्हणतो? सोजरावहिनींना नमस्कार सांग. (फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पोस्टमनच्या हातून ते घ्यावंच लागतं.)

कळवायचं ते असं, की आपल्या नाट्यमंडळाच्या ‘संगीत पुष्पकंकण’चा सिनेमा आलाय. मी लेकीला, रुपालीला, आणि कंपनीतल्या अकरा जणांना घेऊन चिंचवडच्या मॉलमध्ये गेलो. त्याआधी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत पोरांना सगळं नाटक समजावून सांगितलं होतं, कुठं अडायला नको म्हणून. (अजिंक्य नावाचा फिटर म्हणाला, काका, आता सिनेमा बघायची गरजच उरली नाही. याला म्हणतात समजावणं.)

सिनेमा दिसायला झकास. राजवाडा आपल्या रंगवलेल्या पडद्यावरच्या राजवाड्यापेक्षा बरा, पंख्याच्या वाऱ्यानं हलत नाही. पण पदांचं काय केलंय, राव! नायिकेचा रुसवा काढायचं ते पद आपल्याकडे वीस मिनिटं चालायचं. ह्यांनी अडीच मिनिटांत उरकलं, तेही घोड्यावर बसून. घोडा दौडत असताना तान निघणार कुठून? मी उभा राहून ‘वन्स मोअर’ दिला. सिनेमा थांबला नाही. पुन्हा दिला. मागच्या बाई म्हणाल्या, ‘काका, बसा ना, डोकं मध्ये येतंय.’ मी बसलो, पण विषय सोडला नाही. मध्यंतर झालं, दिवे लागले, आणि मी सरळ पडद्यासमोर जाऊन तेच पद सुरू केलं, आलापीसकट.

अख्खं थेटर स्तब्ध. (रुपालीच्या मते अर्धं थेटर पॉपकॉर्न आणायला गेलं होतं.) कुलदीप नावाचा मॅनेजर, असेल पंचविशीतला, धावत आला. ‘सर, इथं गायची परमिशन नाहीये.’ मी त्याला हातानंच सम दाखवली आणि अंतरा घेतला. शेवटी त्यानं मला मोठ्या आदरानं बाहेर नेलं. (रुपाली म्हणते, दंडाला धरून. आदरानं दंड धरता येत नाही का?) उत्तरार्ध हुकला, पण मला तो पाठच आहे.

बाहेर बाकावर बसतोय, तर सिनेमा सोडून एक आजीबाई काठी टेकत माझ्यामागे आल्या. रावेतच्या सावित्रीबाई. म्हणाल्या, ‘अंतरा अर्धाच राहिला तुमचा. म्हणा पुढं. आमचे हे अस्संच म्हणायचे, घोड्याशिवाय.’ मी म्हटला. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला अख्खं नाटक कराल का? मी तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं. नायक मी. नायिका त्यांची सून प्राजक्ता, गाणं शिकलेली आहे. (वयाचा फरक मेकअपनं भरून काढू.) आणि ऑर्गनवर तळेगावचे दत्तोबा. हँडबिलं छापूनही झाली.

तुझा,
ज्ञानदेव

ता. क. : नाटकाची वही तुझ्याकडेच असणार. येताना आण. मला त्या एका पदाखेरीज एक ओळ आठवत नाही.

आणखी एक ता. क. : एकोणतीस वर्षांपूर्वी तळेगावच्या शाळेतल्या प्रयोगाला मी आलो नाही, आणि कंपनीनं ओव्हरटाइमला थांबवलं असं तुला सांगितलं. तसं काही नव्हतं. मी शाळेच्या मागच्या भिंतीशी फेटा बांधून बसलो होतो. पायच उचलत नव्हते. माझी वाट बघत तू चार वेळा नांदी वाजवलीस. चौथ्या वेळी लोक तुला हसले, तेही मी ऐकलं. तेव्हापासून तू माझ्याशी कामापुरतंच बोलतोस, ते बरोबरच आहे. या खेपेला नांदी एकदाच वाजव, मी येतो. रुपाली विंगेमागच्या दाराशी खुर्ची टाकून बसणार आहे. बाहेरून कडी लावायचं तिनं आपणहून कबूल केलंय.