एक टाकाही उसवला नाही

प्रिय आई,
तुझ्या धाकटीचा लांबूनच, पण वाकून नमस्कार.

काल आमचं रॉकेट वर जाऊन परत आलं आणि अलगद आपल्या पायांवर उभं राहिलं! त्याच्या इंजिनांभोवतीचं आगीला न जुमानणारं कापड मी शिवते. मागच्या दोन्ही वेळा ते परतताना फाटलं होतं. कालही फाटलं असतं, तर आमचा शिवणविभाग बंद होणार होता. तुला मुद्दामच कळवलं नव्हतं.

रॉकेट निवल्यावर मी मुकादमांबरोबर खाली वाकून पाहिलं. कापड काळंकुट्ट झालेलं, पण एक टाकाही उसवलेला नाही! मुकादम म्हणाले, “पोरी, हेच पुसून पुन्हा लावू.” मला रडूच फुटलं, मग दोघंही हसत सुटलो.

आता मंगळावर राहायला जाणाऱ्यांचे तंबूही आम्हीच शिवणार. घाबरू नकोस, तंबू जातील, मी नाही. अजून तरी कोणी विचारलेलं नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे? दादा फोन करतो ना?

शेजारच्या काकू पुन्हा म्हणाल्या, “एवढी लांब जाऊन शिवणकामच करते?” तर खुशाल हो म्हण, आणि हसून म्हण.

तुझीच,
धाकटी