गाडी आपोआप न्यूट्रलला जाते

मंगळवार, ६ जानेवारी
आज पुन्हा! भर हायवेवर, चालत्या गाडीत. मनिष सांगत होता, इंजिन एकदम ओरडलं आणि पाहतो तर गिअरची दांडी न्यूट्रलवर. मागून रेतीचा टिप्पर आला तो अगदी घासून गेला. मागच्या सीटवर तृप्ती! तिची शाळा भंडाऱ्यात, मनिषची ड्यूटी त्यापुढे जवाहरनगरला, म्हणून बाप-लेक अड्याळहून रोज सोबतच निघतात. तिनेही मला सगळं हसत हसत सांगितलं. सात वर्षांची आहे, तिला काय कळणार. मी तिला कुशीत ओढलं.

दिवाळीपासून ही चौथी खेप.

गुरुवार, ८ जानेवारी
गाडी लिलाधरभाऊंच्या गॅरेजात. क्लचचं पायडल नाही, गिअर गाडीच बदलते, आपण फक्त दांडी डीवर टाकून द्यायची — घेतली तेव्हा या गोष्टीचं केवढं कौतुक होतं मला! आता तीच गोष्ट जिवावर उठली आहे. त्यांनी बॅटरीची टोकं घासली, अर्थिंगची तार बदलली, ब्रेकचं स्विच नवीन टाकलं. क्लच गाडीला पुन्हा 'शिकवला' म्हणे. गाड्यांनाही शिकवणी लागते!

सासूबाईंनी पुढे लिंबू-मिरची बांधली. एरवी मी हसले असते. आज म्हटलं, बांधा. दोन बांधा.

शनिवार, १० जानेवारी
दोन दिवस नीट चालली. हे लिहितानाही भीती वाटते.

सोमवार, १२ जानेवारी
गेली. शाळेच्या अलीकडच्या उतारावर, पुन्हा न्यूट्रलला. तृप्ती म्हणते, बाबाले तीनदा आवाज दिला तेव्हा कुठे त्यांनी गाडी बाजूला घेतली. घाबरला असेल बिचारा. मनिष मात्र माझ्यावरच चिडला, म्हणाला रोज रोज विचारत जाऊ नको.

फोन वाजला की हातातलं टाकून धावते. अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढतानाही कान फोनकडे. आज एका पोराला दोनदा वाढलं, दुसरं तसंच बसून राहिलं.

शनिवार, १७ जानेवारी
लिलाधरभाऊंनी दांडीचा अख्खा भागच बदलला. जुना सैल झाला असेल, धक्क्याने सरकत असेल, असा त्यांचा अंदाज. नवीन चांगली घट्ट आहे. मी स्वतः ओढून पाहिली, जोर लावावा लागतो. शिवाय त्यांनी गाडीत एक छोटं यंत्र बसवून दिलं — दांडी कधी हलली, गिअर कधी सुटला, सगळं त्यात उतरतं.

बुधवार, २१ जानेवारी
पुन्हा झालं! नवीन दांडी असून!

लिलाधरभाऊंनी यंत्र तपासलं आणि फोन मनिषला नाही, मला केला. आधी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "वयनी, गिअरबॉक्स एकदम चांगला आहे. दांडी हातानंच न्यूट्रलवर ओढली आहे. भाऊ उतारावर पेट्रोल वाचवून राहिले का, जरा इचारा ना."

मी फोन ठेवला. इकडे सगळ्यांनाच ती खोड — उतार दिसला की गाडी न्यूट्रल. माझे बाबाही करायचे, मनिषही जुन्या व्हॅनवर करायचा. म्हणजे चार थेंब पेट्रोलसाठी हा माझ्या पोरीचा जीव टांगणीला लावतो, आणि वरून खोटं बोलतो! एवढा राग मला लग्नापासून कधी आला नव्हता. आणि खरं सांगू? बरंही वाटलं. माणूस खोटारडा निघाला तर सुधारता येतो.

गुरुवार, २२ जानेवारी
सकाळी विचारलंच. आधी हसला, मग त्याने माझा चेहरा पाहिला. तृप्तीला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हिची शप्पथ, म्या दांडीले हातबी नाई लावला."

मी म्हटलं, पोरीची खोटी शपथ घेताना लाज नाही वाटत? त्याचे डोळे भरून आले. ताटावरून उठून गेला. ते डोळे मी पाहिले आणि तरी विश्वास ठेवला नाही.

उद्या तृप्तीला घरीच ठेवते. मीच शेजारी बसणार. रंगेहाथ पकडणार.

शुक्रवार, २३ जानेवारी
पकडलं. उतार नव्हता, सरळ रस्ता होता. बोलता बोलता तो मध्येच थांबला. तोंडात काही नव्हतं तरी चघळत राहिला. डोळे उघडे, पण कशावरच नाहीत. डावा हात सावकाश दांडीवर गेला आणि त्याने ती मागे ओढली. इंजिन ओरडलं. मी "अहो, अहो" केलं, मग नाव घेऊन किंचाळले. फिट आलेल्या माणसासारखं त्याला काही ऐकूच येत नव्हतं. मीच स्टेअरिंग धरलं, हँडब्रेक ओढत ओढत गाडी कडेला घेतली. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याने मान वळवली आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पाह्य, गेली का नाई आपोआप? आता तरी पटलं ना तुले?"

मी किल्ली काढून घेतली आणि हो म्हटलं.