मालतीची कार्डं तारखेप्रमाणे

घाटकोपर, रविवार, ९ जानेवारी १९७२

मालतीच्या पीएच.डी.च्या तिसऱ्या प्रकरणाची खरी किंमत: दोन वर्षं, कोळणींची लग्नगीतं टिपायला गोराईच्या वीसेक फेऱ्या, आणि गोवर आलेल्या धाकटीला मांडीवर घेऊन केलेलं वाचन. उद्या ते सरांच्या हाती पडलं नाही तर मुदत संपते.

सकाळी मित्र सावंत आला. मी ऐटीत म्हटलं, "दर रविवारी पोरं मी सांभाळतो, म्हणून हिचं लिखाण होतं. अर्धी पदवी माझी!"

"नशीबवान हो वहिनी," सावंत म्हणाला. ती चहा टाकायला उठली. तेवढ्यात पोरांनी तिच्या टिपणांची कार्डं खोलीभर फरशीसारखी अंथरली. रेडिओचा बिघाड नुसत्या खरखरीवरून ओळखणारा मी, मला काहीच कसं ऐकू आलं नाही? की गप्पांत ऐकायचंच नव्हतं?

दुपारी सगळी कार्डं लावून दिली.

"कशी लावलीत हो?"

"तारखेप्रमाणे. दुकानात दुरुस्तीच्या चिठ्ठ्या लावतो तशी."

"अहो, मी विधींप्रमाणे लावली होती. हळदीची वेगळी, वरातीची वेगळी."

रागावली नाही. पुन्हा जमिनीवर बसली, एवढंच. मी पोरांना घेऊन बाहेर पडलो तो दिवेलागणीला परतलो. प्रकरण लिहून झालं होतं.

एक मात्र तिला बोललो नाही. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात ती ते लिहिल्याची तारीख आणि वार घालते. लावताना सगळे वार हाताखालून गेले. रविवार एकाही कार्डावर नव्हता.